कशावरून सर

कुठल्याही गावी जायचं असलं की गरुड सर गाडीच्या एक तास आधी सेलूच्या बसस्थानकावर हजर असत. साडेनऊची एसटी साडेनऊलाच सुटते हे त्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवानं माहीत होतं, पण ती आजही सुटेल कशावरून, हा प्रश्न त्यांना रोज नव्यानं पडे. खांद्याला खाकी पिशवी. तिच्यात दोन चष्मे, तीन पेन्सिली, खोडरबर, पाण्याची बाटली आणि चपलेचा अंगठा तुटलाच तर असावी म्हणून जादा जोडी. इतका काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माणूस हा शब्द मी आता जपून वापरते. कारण पुढे येईलच. सरांबद्दल त्या शब्दाशिवाय सांगता येत नाही.

सेलूतल्या एका महाविद्यालयात ते समाजशास्त्राचे विभागप्रमुख होते. विभाग म्हणजे ते आणि मी. ते कायम, मी तासिका तत्त्वावर, म्हणजे दर वर्षी नव्यानं अर्ज करून जूनमध्ये घेतील की नाही याची वाट पाहणारी. काळजी आम्हां दोघांनाही होती, फक्त तिच्यावरचे आमचे उपाय वेगळे. मी याद्या करते. सकाळी उठल्यावर पहिली यादी, रात्री तिच्यावर बरोबरच्या खुणा. खूण झाली की ते काम माझ्या डोक्यातून जातं. सरांच्या डोक्यातून काहीच जात नसे. ते पेन्सिलीनं लिहीत. पेन घ्या म्हटलं तर म्हणत, "पेनानं लिहिलं की माणसाला ते खरं वाटायला लागतं."

पोरांनी त्यांचं नाव ‘कशावरून सर’ ठेवलं होतं. पहिल्या वर्षाला पहिल्या तासाला ते फळ्यावर काही लिहीत नसत. वर्गाकडे पाहून विचारत, "सेलूत लोक जास्त की परभणीत?" सगळे ओरडत, "परभणीत!" सर विचारत, "कशावरून?" वर्ग हसे, मग गप्प होई. कोणी म्हणे, "सगळ्यांना माहिती हाय की सर." सर म्हणत, "सगळ्यांना म्हणजे कोणाला? तू किती जणांना विचारलंस?" तास संपेपर्यंत पोरांना कळून चुके, की आपल्याला पुष्कळ गोष्टी माहिती आहेत आणि त्यातली एकही आपण पाहिलेली नाही. "समाजशास्त्र इथून सुरू होतं," एवढंच बोलून सर खडूचे हात झटकत बाहेर पडत.

हा प्रश्न घरीही सुटत नसे. एकदा मी कागदावर सही घ्यायला गेले तर जेवायला बसवलं. काकू म्हणाल्या, "आमटीत मीठ बरोबर हाय."

"कशावरून?"

"चाखून बघितली."

"कोणी?"

"मीच. आणखी कोण येतंय हितं?"

"एकीनंच चाखली. नमुना फार लहान झाला."

काकूंनी त्यांच्या तळहातावर पळीभर गरम आमटी ओतली. "घ्या. वाढवा नमुना." सर हात चाटत म्हणाले, "कमी आहे." काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बगा मॅडम. आता तुमी चाखा, नाहीतर ह्यांना रात्रभर झोप लागायची न्हाई." मी चाखली. मीठ कमीच होतं.

लोकरूढी शिकवायची तर सर पुस्तक उघडत नसत, पालमच्या गाडीची गोष्ट काढत. गाडी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आत पडते. ज्याचा रुमाल, त्याची सीट. "हे कोणत्या कायद्यात आहे? पोलीस येतो का? तरी अख्खा जिल्हा पाळतो. का?" एका वर्षी अंगद नावाच्या तालमीतल्या पोरानं छाती पुढे काढून सांगितलं, "मी न्हाई पाळत सर. रुमाल उचलून बसून दाखवतो." सर म्हणाले, "दाखव."

बोलून गेले आणि लगेच घाबरले. आठवडी बाजाराचा दिवस, गाडी गच्च, मारामारी झाली तर जिम्मेदारी कोणाची? म्हणून ते स्वतः त्याच गाडीत मागे उभे राहिले, मलाही नेलं. अंगदनं एका सीटवरची पांढरी टोपी उचलली, बाजूला ठेवली आणि बसला. टोपीचा मालक आला. म्हातारा, वाकलेला, हातात बियाण्याची पिशवी. त्यानं अंगदकडे पाहिलं, टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली आणि दांडा धरून त्याच्याशेजारी उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. गाडी सुटली. पहिल्या थांब्यापर्यंत अंगद खिडकीबाहेर पाहत होता. दुसऱ्या थांब्याला तो उठला. "बसा बाबा." कान लाल झालेले.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी विचारलं, "तो ओरडला?"

"न्हाई सर."

"मारलं?"

"न्हाई."

"मग तू कामून उठलास?"

अंगदला सांगता येईना. सर म्हणाले, "तू उठलास ना, त्याला सामाजिक नियंत्रण म्हणतात. ते म्हाताऱ्याकडे नव्हतं. तुझ्यात होतं." वर्गाला हे इतकं पटलं की कोणी लिहूनही घेतलं नाही. माझ्या यादीत तो धडा झाला. सरांच्या मनात झाला नाही. पुढचे तीन बाजार ते पालमच्या फलाटावर त्या म्हाताऱ्याला शोधत होते. "मॅडम, आपण त्याला न विचारता त्याच्यावर प्रयोग केला. दोन थांबे उभं केलं. त्याची माफी राहिली." म्हातारा सापडला नाही. त्यानंतर मोकळी सीट दिसली तरी सर आधी इकडेतिकडे पाहून, कोणाची आहे का विचारून, मगच टेकत.

आता एका पाहणीचं सांगते.

बोरीच्या पुढे एक गाव आहे. नाव लिहीत नाही. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना संशोधनपद्धती शिकवायची म्हणून तिथं घरोघर पाहणी ठरली. सरांची निवृत्ती काही महिन्यांवर होती आणि महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी समिती यायची होती. प्राचार्यांना दाखवण्यासारखं काहीतरी हवं होतं. त्यातच गावच्या ग्रामसेवकांनी सरांना गाठलं. "सर, आमची घरांची यादी लय जुनी हाय. नळाची लाइन पडायली. तुमची पोरं घरोघर जायलीच हायत, तर तुमची यादी आमाला द्या. तिच्यावरून आमची दुरुस्त करतो."

सर दोन दिवस हो म्हणाले नाहीत. "भाऊसाहेब, आमची पोरं शिकायला जाणार आहेत. शिकताना चुका होतात. तुमच्या यादीवर कोणाचं तरी पाणी आहे." प्राचार्यांना मात्र ही कल्पना फार आवडली. समाजोपयोगी पाहणी, असा मथळाही त्यांनी सुचवला. शेवटी सर कबूल झाले. त्या दिवसापासून त्यांनी चहात साखर घेणं सोडलं. का, ते मी विचारलं नाही. काळजी वाढली की ते काहीतरी सोडत.

प्रश्नांचा फॉर्म मी तयार केला. सरांनी ‘घर’ या एका शब्दावर दोन दिवस घालवले. एका वाड्यात तीन भाऊ राहतात, ते एक घर की तीन? शेवटी ठरलं, चूल वेगळी तर घर वेगळं. पोरांना त्यांनी दहा वेळा बजावलं, "उत्तर ऐकलं तसंच लिहायचं. आपल्या मनानं नीटनेटकं करायचं नाही." तिसरा प्रश्न होता, घरात एकूण किती माणसं राहतात? त्यावर आम्ही दोन मिनिटंही घालवली नाहीत.

खऱ्या पाहणीआधी चार-पाच घरी प्रश्न विचारून बघायचे असतात, शब्द समोरच्याला कळतात का ते तपासायला. माझ्या यादीत ‘चाचणी’ या कामापुढे खूण होती. सरांनी विचारलं, "कुठं केली?"

"माझ्या गल्लीत, सर. पाच घरी."

"गावात नाही?"

"गाडी दोनच दिवस मिळणार आहे सर. परीक्षाही आल्यात. प्रश्न सोपे आहेत."

सरांच्या ओठांवर त्यांचा शब्द आलेला मला दिसला. पण माझ्या तासांचा अर्जही त्याच आठवड्यात प्राचार्यांकडे होता. मी घाईला आले होते आणि ते त्यांना दिसत होतं. त्यांनी पेन्सिलीनं सही केली. तेवढ्या एका वेळी त्यांनी ‘कशावरून’ विचारलं नाही.

दोन दिवसांत पाहणी झाली. पोरं उन्हातान्हात फिरली, सर त्यांच्या मागून वही घेऊन फिरले. मी सेलूत संगणकापुढे बसून फॉर्म उतरवले, वर्गवारी केली, तक्ते केले. चालू घरं, बंद घरं, चुली, जनावरं, पाण्याची साधनं. शुक्रवारी एक प्रत ग्रामसेवकांना पोचवली. सोमवारी ग्रामसभेत यादी वाचून मंजूर व्हायची होती. तिथून ती तालुक्याला जाणार आणि मग ती कोणी सहजी बदलत नाही.

शनिवारी दुपारी मी सरांपुढे बांधलेला अहवाल ठेवला. ते पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचू लागले. मी चहा मागवला. तिसऱ्या पानावर पेन्सिल थांबली.

"चौदा घरं बंद?"

"हो सर."

"कशावरून?"

"पोरांनी शेऱ्यात लिहिलंय. ‘घरात माणूस नाही.’ चौदा फॉर्मवर."

सरांनी स्वतःची वही काढली. "मला त्या गावात एकही कुलूप दिसलं नाही. मी मोजत होतो." मग अगदी हळू, जणू मला लागू नये म्हणून, म्हणाले, "मॅडम, घर बंद होतं, तर घरात माणूस नाही हे पोरांना सांगितलं कोणी?"

मी ते चौदा फॉर्म काढून त्यांच्यापुढे ठेवले.

सरांनी तिथूनच अंगदला फोन लावला. त्या चौदांतले पाच फॉर्म त्याचे होते. फोनवरचा त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "त्या मावशीनंच सांगितलं की सर. दारातच बसल्या होत्या, डाळ निवडायल्या होत्या. म्हणल्या, माणूस न्हाई घरात. तुमीच म्हणलात ऐकलं तसं लिहा, म्हणून लिहिलं."

अंगद बरोबर होता. त्यानं ऐकलं तसं लिहिलं. नीटनेटकं मी केलं होतं. रिकामा रकाना मला बघवत नाही. तिथं मी शून्य घातलं आणि ती घरं बंदच्या तक्त्यात नेऊन ठेवली.

आणि हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नसतं कळलं तरी चाललं असतं, मला कळायला हवं होतं. आई, मी आणि माझी मुलगी, अशा तिघी आम्ही सेलूत भाड्यानं राहतो. घर घेताना मालकांनी पहिला प्रश्न केला होता, "घरात माणूस कोण?" मी म्हणाले होते, "माणूस नाही." त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. परभणीच्या भावाला बोलावून मी करारावर त्याची सही घेतली होती.

ग्रामसेवकांचा फोन लागला तेव्हा मागे लग्नातला बँड वाजत होता. "सोमवारी बोलू सर, आता काय ऐकू येईना." सर मला घेऊन प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं.

"सर, समिती पुढच्या महिन्यात येतेय. त्या ग्रामसभेत तुम्ही उभं राहून आमचं चुकलं म्हणणार? मंजुरी होऊ द्या. नंतर दुरुस्तीचं पत्र पाठवू."

"नंतर दुरुस्ती होते कशावरून?"

"अहो, फॉर्म केला कोणी?" प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा अर्ज त्यांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात होता, मला त्याची कड दिसत होती.

सर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "फॉर्मवर सही माझी आहे," ते म्हणाले. "चाचणी कुठं झाली ते मला माहीत होतं. मी विचारलं नाही. चूक माझी आहे आणि तसंच लिहा."

बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलू लागले, तर म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीचं बघा. चौदा घरांची यादी करा. ते तुम्हाला चांगलं जमतं."

रविवारी मी बसस्थानकावर पोचले तेव्हा सर आधीच येऊन बसले होते. बोरीपर्यंत एसटी, तिथून रिक्षा. वाटेत ते तीनदा म्हणाले, "बायका घरी नसल्या तर?" गावात शिरताना मला पहिलं बंद घर दिसलं. दारात सडा होता, सड्यावर रांगोळी. अंगणात कौसाबाई नावाच्या म्हातारबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. सरांनी हात जोडले.

"मावशी, परवा आमची पोरं आली होती. त्यांना तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं की. माणूस न्हाई घरात. मालक जाऊन लय वर्सं झाली. पोरगा पुण्याकडं हाय, तिकडंच राहतो."

"मग इथं राहतं कोण?"

"कोण न्हाई." त्यांनी एक शेंग फोडली. "मी हाय. सून हाय. दोन नाती हायत, शाळंला जात्यात."

"म्हणजे चौघी आहात."

"हाव की. पण तुमी माणसं इचारली."

सर उकिडवे बसले होते, ते खालीच टेकले. मी फॉर्म काढला. लिहिताना अक्षर वाकडं आलं. कौसाबाईंच्या लक्षात काहीतरी आलं. "काय झालं सर? नळ यायचा न्हाई का आमाला?"

दुसरं कोणी असतं तर येईल येईल म्हणालं असतं. सरांना ते जमत नसे. "आमच्या चुकीनं तुमचं घर बंद म्हणून लागलंय. उद्या सभेत मी सांगणार आहे. ऐकतील की नाही, ते आत्ता सांगता येत नाही."

कौसाबाईंनी आम्हां दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढी कालिजं शिकलात, अन् दारात बसलेली बाई दिसली न्हाई व्हय तुमाला?" त्या माझ्याकडे वळल्या. "अन् ही बाई सोबत असून?"

सर म्हणाले, "उद्या सभेला या, मावशी."

"सभंला बायका येत न्हाईत. देवळाच्या पायरीवर बसून ऐकत्यात."

"पायरीवर बसा. पण या."

दुपार कलेपर्यंत तेरा घरं झाली. प्रत्येक दारात तेच. विधवा, टाकलेल्या, नवरा ऊसतोडीला गेलेल्या, एक तर नवऱ्याला स्वतः सोडून आलेली. सर आता माणूस हा शब्द काढतच नव्हते. विचारत, "घरात कोण कोण राहतं? नावं सांगा." नावं विचारली की बायका आधी लेकरांची नावं सांगत, मग सासूचं, आणि सगळ्यांत शेवटी, थोडं थांबून, स्वतःचं.

चौदावं घर सुभद्राबाईंचं. दाराला नुसती कडी. शेजारीण म्हणाली, "कापूस येचायला गेलीय. एकलीच राहती. लिव्हा की, मी सांगायलेय न्हवं."

मी पेन उघडलं. चौदापैकी चौदा झाले असते. सर म्हणाले, "थांबा मॅडम." आम्ही ओट्यावर बसलो. ऊन उतरलं, जनावरं परतली, वेचणीच्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन आल्या. सुभद्राबाई त्यांच्यात नव्हत्या. परस्पर लेकीकडे गेल्या होत्या. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी म्हणाले, "सर, शेजारीण खोटं कशाला सांगेल?"

"खोटं नाही सांगणार. पण आपण परवाही असंच, न बघता लिहिलं ना?"

यादीतली ती ओळ खुणेशिवाय राहिली. रात्रभर ती माझ्या डोळ्यांपुढे होती.

सोमवारी समाजमंदिरात पुरुष सतरंजीवर बसले होते. समोर देवळाच्या पायऱ्यांवर बायका. ग्रामसेवकांनी आमचीच यादी वाचायला घेतली. बंद घरांवर आल्यावर सर उभे राहिले. बाटलीतलं पाणी प्यायले. मग म्हणाले, "ही यादी चुकीची आहे. चूक आमची आहे."

कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "मग सर, पोरांना शिकिवता तरी काय?" हशा पिकला. सरांचा चेहरा पडला, पण ते खाली बसले नाहीत. ग्रामसेवक हळूच म्हणाले, "सर, आता छापून झालं हो. पुढच्या टप्प्यात घेऊ त्या घरांना." त्यावर पुढे बसलेले एक तात्या बोलले, "अन् घरात माणूसच न्हाई, तर नळाचा कागद करायचा कुणाच्या नावानं?"

हा प्रश्न त्यांनी वाईट भावनेनं विचारला नव्हता. त्यांना तो खरोखरच पडला होता. सरांनीही तसंच, वर्गात विचारत तसं विचारलं, "तात्या, तुमच्या घरी पाणी कोण भरतं?"

"बाया भरत्यात. आणखी कोण?"

"मग या घरात पाणी भरणारं कोणी नाही, हे कशावरून?"

सर पायऱ्यांकडे वळले. माझ्या हातातली यादी घेऊन त्यांनी मोठ्यानं नाव वाचलं, "कौसाबाई." क्षणभर काहीच झालं नाही. मला वाटलं, आल्याच नसतील. मग कौसाबाई गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. "हाय हितं." सरांनी दुसरं नाव वाचलं. मग तिसरं. गावातली बंद घरं एकेक करून पायरीवर उभी राहिली. समाजमंदिरातले सगळे माना वळवून पाहत होते. रोज पाहिलेल्याच बायका होत्या त्या.

तेरा झाल्यावर सर थांबले. "चौदावं मी पाहिलेलं नाही. बाई भेटल्या नाहीत. तो रकाना मोकळा ठेवा, बुधवारपर्यंत."

"घाला ना सर, आमाला माहिती हाय सुभद्रा," दोघंतिघं म्हणाले.

"मला नाही माहिती." त्यांनी पेन्सिल ग्रामसेवकांपुढे धरली. "तेवढं पेन्सिलीनं लिहा, भाऊसाहेब." ग्रामसेवकांनी कपाळावर हात मारला, पण पेन्सिल घेतली. बुधवारी सर एकटे जाऊन सुभद्राबाईंना भेटून आले.

आमचा अहवाल समितीपुढे ठेवला गेला नाही. जूनमध्ये मला तास मिळाले. सरांनी प्राचार्यांना दिलेल्या लेखी खुलाशात माझं नाव कुठंच नव्हतं, हे मला नंतर कळलं. निरोप समारंभात प्राचार्य म्हणाले, "गरुड सर अत्यंत विद्यार्थिप्रिय होते," आणि मागच्या बाकांवरून अख्ख्या वर्गानं एका सुरात विचारलं, "कशावरून?" सर इतके हसले की त्यांना पहिला चष्मा पुसायला काढावा लागला आणि घाईत दुसरा घातला.

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. त्याआधीची आमची शेवटची भेट थंडीतली, त्याच बसस्थानकावर. सकाळी मी परभणीच्या गाडीसाठी आले तर सर बाकावर. मी आनंदानं सांगितलं, "सर, भाऊसाहेबांचा फोन आला होता. चौदाही घरी नळ बसले."

"नळ बसले. पाणी आलं?"

"आलं म्हणाले."

"कशावरून?" त्यांनी पिशवीतून रिकामी बाटली काढून दाखवली आणि बोरीच्या गाडीत चढले. एक सीट मोकळी होती. शेजारच्याला विचारूनच ते बसले.

संध्याकाळी माझी कामं लवकर संपली. खरं तर दोन राहिली होती. परभणीहून परतल्यावर मी स्थानकावरच थांबले. पाचच्या गाडीत सर नव्हते. सहाच्या गाडीतून सगळ्यांत शेवटी उतरले, एका हातानं बाटली छातीशी धरून. पाणी जरा गढूळ होतं. नवीन लाइनचं असतं तसं.

"सुभद्राबाईंच्या घरचं," ते म्हणाले. "बाकीच्या तेरा ठिकाणीही पाहिलं. कौसाबाईंनी तर नळ सोडूनच ठेवला होता, मी दिसल्याबरोबर. वाया जातंय म्हटलं तर म्हणाल्या, बगा सर, नीट बगा."

त्यांनी पिशवी चाचपली. चष्मे, पेन्सिली, चपला, सगळं होतं. ते फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मला वाटलं, काही विसरले.

"मॅडम, एक विचारू? त्या दिवशी पोरं तुमच्या दारात आली असती, तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

मी म्हणाले, "तेच, सर. माणूस नाही."

सरांनी मान हलवली. बाटली माझ्या हातात दिली आणि गेले. त्यांनी ‘कशावरून’ विचारलं नाही.